बिनजहाजाची मालवाहतूक

३० एप्रिल २०२५ रोजी जर्मनीच्या सरकारी मालकीच्या डॉइचे बान या रेल्वे कंपनीने आपली शेंकर ही मालवाहतूक कंपनी डेन्मार्कच्या डीएसव्हीकडे सोपवली. सौदा १४.३ अब्ज युरोंचा होता. आता दोन्ही मिळून नव्वदहून अधिक देशांत सुमारे १ लाख ६० हजार माणसं एका छत्राखाली काम करतात. एवढी रक्कम मोजणाऱ्या डीएसव्हीच्या मालकीचं समुद्रावर एकही मालवाहू जहाज नाही आणि रस्त्यावर तिचा माल वाहणारे बहुतेक ट्रकही दुसऱ्यांचे आहेत. आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीत मालमत्ता नसणं हेच बळ कसं ठरतं, हे पाहायला या कंपनीइतकं चांगलं उदाहरण नाही. दुसऱ्याची कटकट अंगावर घेणं हा तिचा व्यवसाय आहे, आणि तोच व्यवसाय करणाऱ्या इतर कंपन्या गिळून पचवणं हे तिचं कसब. २०२० पासूनच्या बाजाराने या दोन्ही गोष्टींची किंमत वाढवली आहे. मात्र या पद्धतीची खरी दुखरी जागा तिचे टीकाकार सहसा दाखवतात तिथे नाही.

डीएसव्हीसारखा फ्रेट फॉरवर्डर, म्हणजे मालवाहतुकीतला मध्यस्थ, काय करतो हे बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. चाकणचा एखादा सुटे भाग बनवणारा कारखानदार जर्मनीतल्या ग्राहकाला माल पाठवतो तेव्हा त्याला न्हावा शेवापर्यंत ट्रेलर लागतो, कस्टम्सची कागदपत्रं लागतात, जहाजावर जागा लागते, हॅम्बुर्गला उतरल्यावर तिथले कस्टम्स, मग पुन्हा ट्रक, आणि मध्ये कुठे अडलं तर ज्याला फोन लावता येईल असं एक माणूस लागतं. फॉरवर्डर जहाज कंपनीकडून घाऊक भावात जागा घेतो आणि किरकोळीत विकतो. जहाज कंपनी मास्टर बिल ऑफ लेडिंग त्याच्या नावे काढते, आणि तो कारखानदाराला स्वतःचं हाउस बिल देतो. या दुसऱ्या कागदावर तो स्वतः वाहतूकदार होतो, जहाज कुणाचंही असो. बाजार समितीतल्या अडत्याशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो, पण अडत्याचं काम सौदा पुरा झाला की संपतं. फॉरवर्डर माल पोचेपर्यंत बांधलेला असतो. ज्यांचा माल अख्खा कंटेनर भरण्याइतका नसतो अशा अनेकांचा माल एका कंटेनरमध्ये बसवणं, ज्याला एलसीएल म्हणतात, हे त्याचं सर्वांत जुनं काम. मुंबईच्या ऑलकार्गोने बेल्जियमची ईसीयू लाइन विकत घेऊन याच कामात जगात आघाडी मिळवली, तीही जहाजांच्या ताफ्याच्या नव्हे, तर याच जुळवाजुळवीच्या बळावर.

गंमत अशी, की जी शेंकर आता डीएसव्हीत विरघळते आहे, तिनेच एके काळी ही रीत रूढ केली. गॉटफ्रीड शेंकर यांनी १८७२ मध्ये व्हिएन्नात कंपनी काढली आणि अनेक छोट्या व्यापाऱ्यांचा माल रेल्वेच्या एका वाघिणीत एकत्र करून पाठवायला सुरुवात केली. डीएसव्हीचा जन्म त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी, १९७६ मध्ये झाला. डेन्मार्कमधल्या काही स्वतंत्र ट्रकमालकांनी लाइफ टुलबेर्ग यांच्या पुढाकाराने एकत्र येऊन ती काढली होती. बांधकामाची माती-खडी वाहणाऱ्या अशा मंडळींपुढे जागतिक होण्याचा सरळ रस्ता नव्हता. त्यांनी तो खरेदीतून काढला. १९९७ मध्ये सॅमसन ट्रान्सपोर्ट आली, २००० मध्ये आकाराने आपल्याहून मोठी असलेली डीएफडीएस डॅन ट्रान्सपोर्ट आली, मग २००६ मध्ये हॉलंडची फ्रान्स मास आणि २००८ मध्ये बेल्जियमची एबीएक्स. २०१६ मध्ये अमेरिकेतली यूटीआय १.३५ अब्ज डॉलरला घेतली, तेव्हा ती तोट्यात होती. २०१८ मध्ये सिवा लॉजिस्टिक्स घेण्याचा प्रयत्न फसला. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडची पॅनालपिना सुमारे ४.६ अब्ज फ्रँकला मिळाली, आणि २०२१ मध्ये कुवेतच्या अजिलिटीचा फॉरवर्डिंग विभाग.

ही यादी मोठी आहे, पण कंपन्या विकत घेणं ही मुळीच अवघड गोष्ट नव्हे. कर्ज मिळतं, शेअर देता येतात. अवघड असतं ते नंतरचं. फॉरवर्डिंगमध्ये विकत घेतलेल्या कंपनीत यंत्रं, जमिनी, जहाजं असं काही नसतंच. असतात ती माणसं, त्यांचे ग्राहक आणि त्यांच्या सवयी, आणि या तिन्ही गोष्टी संध्याकाळी कार्यालयाबाहेर पडून दुसऱ्या कंपनीत जाऊ शकतात. म्हणून अनेक कंपन्या विकत घेतलेल्या कंपनीला वर्षानुवर्षं वेगळं राहू देतात, वेगळ्या नावाने, वेगळ्या संगणक प्रणालीवर. डीएसव्ही उलट वागते. नाव उतरतं, एका शहरातली दोन कार्यालयं एक होतात, आणि सगळे एकाच प्रणालीवर येतात. हवाई आणि समुद्री मालासाठी तिने सिडनीच्या वाइजटेक कंपनीची कार्गोवाइज ही तयार प्रणाली स्वीकारली. या निर्णयाचं मोल कळायला डीएचएलचा अनुभव पाहावा. तिच्या फॉरवर्डिंग विभागाने स्वतःसाठी नवी प्रणाली बांधायला घेतली आणि २०१५ मध्ये तो प्रकल्प सोडून देताना मूळ कंपनीला ३४.५ कोटी युरो तोट्यात टाकावे लागले. जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एकीला जे जमलं नाही, ते डीएसव्हीने विकत आणलं, आणि आपली सगळी शिस्त प्रत्येक नवी कंपनी त्या एकाच साच्यात लवकर बसवण्यावर खर्च केली.

या धंद्यात विक्रीचा आकडा फसवा असतो, कारण त्यातला मोठा भाग जहाज आणि विमान कंपन्यांना भाडं म्हणून निघून जातो. ग्राहकाकडून आलेलं भाडं वजा वाहतूकदाराला दिलेलं भाडं, हा ढोबळ नफा. त्यातल्या प्रत्येक शंभर रुपयांपैकी पगार, कार्यालयं, संगणक भागवून किती उरतात, हे खरं माप. २०२३ मध्ये डीएसव्हीचा हा आकडा चाळीसच्या आसपास होता. फॉरवर्डिंगमध्ये एवढं उरणं सोपं नसतं. शेंकर तिच्या खूप मागे होती, आणि शेंकरसाठी एवढी किंमत मोजण्यामागचा हिशेब त्या अंतरातच आहे. तीच माणसं, तेच ग्राहक, पण डीएसव्हीच्या पद्धतीने चालवले तर जास्त उरेल. २०२८ अखेरपर्यंत वर्षाला सुमारे ९ अब्ज क्रोनर वाचतील असं कंपनीने सांगितलं आहे.

आता बाजाराकडे. शांघायहून निघणाऱ्या कंटेनरच्या भाड्याचा निर्देशांक २०२० च्या मध्याला हजाराच्या आसपास होता. जानेवारी २०२२ मध्ये तो पाच हजारांवर गेला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत पुन्हा हजाराखाली आला. अशा लाटेत जहाजमालक आणि बिनजहाजाचा फॉरवर्डर यांचं काय होतं, हे कोपनहेगन परिसरातल्याच दोन कंपन्यांच्या ताळेबंदांत दिसतं. मर्स्क या जहाज कंपनीचा कार्यकारी नफा २०२२ मध्ये ३०.९ अब्ज डॉलर होता, २०२३ मध्ये ३.९ अब्ज. डीएसव्हीचा २५.२ अब्ज क्रोनरवरून १७.७ अब्जांवर आला, आणि २०२४ मध्ये १६.१ अब्ज राहिला. एकीची घट जवळपास सत्याऐंशी टक्के, दुसरीची तीस. यावर कुणी म्हणेल, मर्स्कने तेजीच्या काळात जे कमावलं ते डीएसव्हीला कधी स्वप्नातही दिसणार नाही, मग स्थैर्याचं एवढं कौतुक कशाला? आक्षेप बरोबर आहे, पण अर्धाच. जहाजमालकाला सुगीच्या वर्षांत मिळतं ते पुढच्या जहाजांच्या ऑर्डरीत जातं, आणि ती जहाजं पाण्यात उतरेपर्यंत बाजार बहुधा उलटलेला असतो. फॉरवर्डरचा नफा कमी उसळतो, म्हणून बाजारात त्याच्या शेअरवर विश्वास टिकतो, आणि तो शेअर चलनासारखा वापरता येतो. पॅनालपिना डीएसव्हीने शेअरच्या बदल्यात घेतली. शेंकरसाठी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नवे शेअर विकून सुमारे ५ अब्ज युरो उभे केले.

तांबड्या समुद्राने हे आणखी स्पष्ट केलं. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथींनी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि युरोपकडे जाणारी बहुतेक कंटेनर जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. नाशिकच्या द्राक्ष निर्यातदारांना हे २०२४ च्या हंगामात अंगावर आलं. रॉटरडॅमला जाणारा रीफर, म्हणजे शीत कंटेनर आठवडाभराहून जास्त उशिरा पोचू लागला, आणि भाडं वर चढलं. द्राक्षाला उशीर म्हणजे थेट नुकसान. अशा वेळी ज्याच्याकडे फक्त एकाच कंपनीची जहाजं आहेत तो त्या कंपनीचंच वेळापत्रक देऊ शकतो. अनेक कंपन्यांची जागा घेऊन ठेवलेला फॉरवर्डर दुसरं जहाज, दुसरं बंदर, औषधांसारख्या मालासाठी विमान, असा मार्ग बदलू शकतो. बदलेलच असं नाही. पण तो बदलण्यात त्याचा स्वतःचा तोटा नसतो, कारण भरायचं असं त्याचं स्वतःचं जहाज नसतं.

हा मध्यस्थ संगणकामुळे नाहीसा होईल, अशी भविष्यवाणी गेली दहा-बारा वर्षं होते आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतल्या फ्लेक्सपोर्टचं मूल्य २०२२ च्या सुरुवातीला ८ अब्ज डॉलरवर गेलं होतं. २०२३ मध्ये तिने वर्षभरात दोनदा, प्रत्येक वेळी सुमारे वीस टक्के, माणसं कमी केली. ट्रकचं डिजिटल दुकान मांडणारी कॉनव्हॉय त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये बंद पडली. तंत्रज्ञान निरुपयोगी आहे असा याचा अर्थ घेऊ नये. फ्लेक्सपोर्ट आजही चालू आहे आणि तिच्याकडून जुन्या कंपन्या बरंच शिकल्या. पण भाव दाखवणं हा या कामाचा सोपा भाग आहे. कंटेनर परदेशी बंदरात अडकला, कागदात एक अंक चुकला, तेव्हा ते सोडवणारा तिथला माणूस लागतो, आणि तो उभा करायला वर्षं लागतात.

दुसरा आक्षेप जहाज कंपन्यांकडून येतो, आणि तो जास्त वजनदार आहे. त्यांनी ठरवलं की गोदामापासून ग्राहकाच्या दारापर्यंत सगळं आपणच करू. मर्स्कने आपला तेलाचा धंदा विकला आणि २०२२ मध्ये हाँगकाँगची एलएफ लॉजिस्टिक्स ३.६ अब्ज डॉलरला घेतली. डीएसव्हीच्या हातून निसटलेली सिवा २०१९ मध्ये फ्रान्सच्या सीएमए सीजीएमकडे गेली, आणि २०२४ मध्ये बोलोरे लॉजिस्टिक्सही. शेंकरच्या लिलावातही मर्स्क उतरली होती, पण जुलै २०२४ मध्ये मागे फिरली. एकाच घरात जहाज आणि गोदाम असेल तर ग्राहकाचं काम सुटसुटीत होतं, हे खरंच. मात्र मोठा आयातदार आपला सगळा माल एका जहाज कंपनीच्या हाती द्यायला कचरतो, विशेषतः २०२१ चं भाडं आठवून. त्याला सल्ला देणारा जहाजमालक नसलेला बरा वाटतो. डीएसव्हीचा फायदा या अविश्वासात आहे, आणि जहाज कंपन्या जितक्या वाढतील तितका तो अविश्वासही वाढेल असं मला वाटतं.

कॉन्ट्रॅक्ट लॉजिस्टिक्सची गोष्ट मात्र वेगळी. एखाद्या कंपनीची अख्खी गोदामव्यवस्था, साठा, पॅकिंग, परत आलेला माल, हे सगळं काही वर्षांच्या करारावर चालवायचं. इथे इमारतीचे भाडेकरार, रोबोट, शेल्फं यांत पैसा अडकतो, आणि २०१९ पासूनच्या लेखा नियमांमुळे ते भाडेकरार ताळेबंदात उघड दिसतात. ग्राहक गेला तर गोदाम गळ्यात. तरीही डीएसव्हीने हा विभाग ठेवला आणि शेंकरमुळे तो बराच वाढला, कारण ज्याचं गोदाम आपण चालवतो त्याचा माल सहसा आपल्याकडूनच जातो. मालमत्ता टाळणाऱ्या कंपनीने टिकाऊ ग्राहकासाठी मोजलेली ही किंमत आहे, आणि ती वाजवी वाटते.

खरा प्रश्न मालमत्तेचा भार कुणाकडे जातो हा आहे. डीएसव्हीसारखी कंपनी ट्रक विकत घेत नाही म्हणजे कुणीतरी दुसरा घेतो, कर्ज काढून, आणि भाव पडला की हप्ता त्याच्याच मानेवर राहतो. युरोपात हे काम छोट्या वाहतूकदारांच्या साखळीतून होतं आणि शेवटच्या कडीला पूर्व युरोप, जॉर्जिया, उझबेकिस्तानहून आलेले चालक असतात. २०२३ मध्ये जर्मनीतल्या ग्रेफेनहाउझेनच्या महामार्गावरील थांब्यावर अशा चालकांनी थकलेल्या पगारासाठी दोनदा ट्रक उभे करून ठेवले, आणि त्यानंतरच ते कुणाकुणाचा माल वाहतात हे मोठ्या कंपन्यांना विचारलं जाऊ लागलं. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा त्याच वर्षी लागू झाला होता, म्हणून ते विचारता तरी आलं. इकडे न्हावा शेवा बंदराजवळ उरणच्या रस्त्यांवर रांगेत अडकलेल्या ट्रेलरवाल्यासाठी असा प्रश्न विचारू देणारा कायदाही नाही. रांगेत गेलेला दिवस त्याच्या खिशातून जातो आणि फॉरवर्डरच्या ताळेबंदात तो कुठेच दिसत नाही.

जर्मनीतल्या कामगार संघटनांनी शेंकरच्या विक्रीला विरोध केला तो कार्यालयीन नोकऱ्या जातील या भीतीने. डीएसव्हीने जर्मनीत सुमारे १ अब्ज युरो गुंतवण्याचं वचन दिलं आणि कर्मचाऱ्यांना दोन वर्षांचं सामाजिक संरक्षणही. कार्यालयातल्या माणसाला निदान एवढं मिळालं, बाहेरच्या ट्रकवाल्याला काहीच नाही. बचतीचा आकडा जाहीर झाला आहे आणि पुढची दोन-तीन वर्षं प्रत्येक तिमाहीला तो मोजला जाईल. त्या ९ अब्ज क्रोनरपैकी किती संगणक प्रणाली आणि बंद झालेल्या दुहेरी कार्यालयांतून आले आणि किती वाहतूकदाराला दिलेला दर कमी करून, हे दोन आकडे भागधारकांनी आणि ग्राहकांनी वेगवेगळे मागायला हवेत. पहिला आकडा मोठा निघाला तर डीएसव्हीची पद्धत खरोखर कार्यक्षम आहे हे सिद्ध होईल. दुसरा मोठा निघाला, तर वाचलेले पैसे ट्रकवाल्याने भरलेले असतील.