यंत्राच्या पोटातली मराठी

माझा भाचा भोसरीच्या एमआयडीसीत यंत्रांचे कंट्रोल पॅनल बनवतो. एके संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, "मामू, पॉवर प्रेसच्या पडद्यावर मराठीत सूचना द्यायच्यात. इंग्रजीतलं 'गार्ड ओपन' कुणी वाचतच नाही. तुम्ही कवी आहात, लिहून द्या." प्रेसवर बोट जायला क्षणही पुरतो, हे भोसरीत कुणाला सांगावं लागत नाही. मी मन लावून चाळीस सूचना लिहिल्या. पहिलीच होती, 'कृपया सुरक्षा आवरण पूर्ववत बसवावे'.

आठवड्याने तो पुन्हा आला. टेबलावरच्या चाचणीत पॅनल मध्येच बंद पडून आपोआप सुरू होत होतं. म्हणाला, "मामू, तुमची मराठी चिपमध्ये मावत नाही!"

मी बी.ए. झालेला माणूस. त्याने मला जे समजावलं, ते आपल्याला सांगतो. त्याची चिप एटीमेगा-३२८. तिच्यात स्मृतीचे दोन मुख्य कप्पे असतात. फ्लॅश ३२ किलोबाइटची. वीज गेली तरी तिच्यातलं पुसलं जात नाही. जपानच्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी ही स्मृती १९८४ साली जगापुढे मांडली. दुसरा कप्पा रॅम, अवघा २ किलोबाइट म्हणजे २०४८ बाइट. चालू हिशेब तिथे होतात आणि वीज गेली की सगळं पुसलं जातं.

मराठी मजकूर जागा जास्त घेतो. आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा हलन्त, तीन बाइट घेतं. १९९१ साली मानक ठरलेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट प्रणालीत वापरल्या गेलेल्या इस्की पद्धतीत ते साधारण एका बाइटात बसे. माझी पहिली सूचना, शेवटचा पूर्णविरामासारखा शून्य धरून, ९२ बाइटांची भरली. चाळीस मिळून अठराशेच्या घरात.

तेवढं फ्लॅशमध्ये सहज मावतं. मग अडलं कुठे? सी भाषेत साध्या रीतीने लिहिलेला मजकूर राहतो फ्लॅशमध्येच. पण चिप सुरू होताच त्या सगळ्याची नक्कल रॅममध्ये उतरते. हिशेबाला जागा उरत नाही आणि चिप भरकटते. कविसंमेलनाला जाताना कवी अख्खी वही पाठ करत नाही. वही पिशवीत असते, हवं ते पान तेवढं उघडायचं.

भाच्याने तेच केलं. मजकुरावर 'प्रोगमेम' अशी खूण केली. मग तो फ्लॅशमध्येच राहतो, नक्कल होत नाही. मात्र वाचायची रीत बदलते. या चिपमध्ये फ्लॅश आणि रॅम यांचे पत्ते वेगवेगळे मोजतात. एकच प्लॉट नंबर जे ब्लॉकमध्येही असू शकतो आणि एस ब्लॉकमध्येही. नुसता नंबर सांगितला, तर रिक्षावाला भलत्याच दारात सोडेल. तसंच फ्लॅशचा पत्ता घेऊन साध्या आज्ञेने वाचलं, तर रॅममधला कचरा पडद्यावर येतो. त्यासाठी 'फ्लॅशमधून वाच' अशी वेगळी आज्ञा असते. ती एकेक बाइट आणते, शून्य आला की थांबते. देवनागरीच्या ठिपक्यांच्या आकृत्याही त्याने तिथेच ठेवल्या.

पॅनल सुरळीत चालू लागलं. चिपला माझी लांबलचक मराठी आता चालत होती. पण भाच्याने ती प्रेसवरच्या एका कामगाराला दाखवली, तर तो म्हणाला, "चाचा, एवढं वाचेपर्यंत प्रेस खाली येतो की!"

रात्री बसून मी चाळीसही सूचना पुन्हा लिहिल्या. पहिली आता आहे, 'गार्ड लावा'. २९ बाइट. चिपमध्ये जागा भरपूर होती. वेळ कमी होता तो वाचणाऱ्याकडे. इतकी वर्षं कविता लिहूनही ही गोष्ट मला भोसरीत शिकावी लागली.