संवाद कोणाशी? धर्मशिक्षण, विठ्ठल रामजी शिंदे आणि एक राहून गेलेला प्रश्न

आजचा विषय पत्रिकेवर फार भारदस्त छापला गेलाय : प्रागतिक धर्मशिक्षण, आंतरधर्मीय संवाद आणि सामाजिक न्याय. हे तीन शब्दप्रयोग एकत्र आले की सगळे माना डोलावतात, आणि सगळे माना डोलवायला लागले की तत्त्वज्ञानाच्या मास्तरला जरा संशय येतो. तेव्हा मी विषय एका साध्या प्रश्नावर आणतो.

उद्याचे पाद्री, धर्मोपदेशक, धर्माचे अभ्यासक जिथे घडतात, त्या संस्थांत आता 'दुसऱ्या धर्मांशी संवाद साधा' असं शिकवतात. चांगलंच आहे. पण दुसऱ्या धर्मातल्या कोणाशी? आपल्याकडची सर्वधर्म परिषद डोळ्यांसमोर आणा. व्यासपीठावर एक पंडित, एक मौलवी, एक पाद्री, एक भिक्खू. शाल, श्रीफळ, मग सगळे धर्म प्रेमच शिकवतात. त्या त्या धर्मात ज्याला देवळाबाहेर उभं राहावं लागलं तो माणूस व्यासपीठावर नसतो, आणि बहुतेक वेळा त्याला बोलवायचं राहून गेलं हेही कोणाच्या लक्षात येत नाही.

या प्रश्नाची सुरुवात मी ऑक्सफर्डपासून करणार आहे. तुम्ही म्हणाल, एवढ्या लांब कशाला? कारण तिथून एक वाट थेट परळपर्यंत येते.

इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ऑक्सफर्डला नाव घालायचं तर चर्च ऑफ इंग्लंडच्या एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागे. सही नाही तर प्रवेश नाही. ख्रिस्ताचं ईश्वरत्व न मानणारे युनिटेरियन, इतर 'डिसेंटर' मंडळी, ही सगळी बाहेर. मग या बाहेरच्यांनी आपल्या शाळा काढल्या. त्यातली एक 1786 साली मँचेस्टरला निघाली. पुढे ती यॉर्कला गेली, परत मँचेस्टरला आली, मग लंडनला, आणि विद्यापीठातल्या धार्मिक अटी 1871च्या कायद्याने बऱ्याचशा उठल्यावर, 1889 साली ऑक्सफर्डला. हे मँचेस्टर कॉलेज. आज ते हॅरिस मँचेस्टर कॉलेज म्हणून विद्यापीठाचाच भाग आहे. तेव्हा नव्हतं.

या कॉलेजची मूळ अट अशी की शिक्षकाकडून किंवा विद्यार्थ्याकडून कोणत्याही मताची कबुली लिहून घ्यायची नाही. आपल्याला हे आज साधं वाटेल. पण विचार करा, पाद्री घडवणारं कॉलेज, आणि तू काय मानतोस हे विचारत नाही! हे औदार्य आलं कुठून? मला वाटतं, त्यांना स्वतःला दारातून परत पाठवलं गेलं होतं म्हणून. इंग्लंडात गर्ट्रूड फॉन पेत्झोल्ड नावाच्या बाई 1904 साली लेस्टरला एका चर्चच्या धर्मोपदेशक झाल्या. बाई व्यासपीठावर, ही त्या काळी खळबळजनक गोष्ट. त्यांचं शिक्षणही याच कॉलेजातलं.

इथे जोसेफ एस्टलिन कारपेंटर नावाचे प्राध्यापक तौलनिक धर्मशास्त्र शिकवत. पालीचे जाणकार, ऱ्हीस डेव्हिड्स यांच्याबरोबर त्यांनी दीघनिकायाचं संपादन केलं. त्यांच्या घराण्याचा भारताशी धागा जुना. राजा राममोहन रॉय 1833 साली ब्रिस्टलला वारले, तेव्हा त्यांच्यावर प्रवचन देणारे लँट कारपेंटर हे यांचे आजोबा. मुलींच्या शिक्षणासाठी 1866 साली हिंदुस्थानात आलेल्या मेरी कारपेंटर या यांच्या आत्या. म्हणजे त्या घरात आंतरधर्मीय संवाद हा पाहुणचारातून सुरू झालेला होता, अभ्यासक्रम पुढे आला.

आता 1901. जमखंडीत जन्मलेला, फर्ग्युसनमधून बी.ए. झालेला, प्रार्थना समाजात रमलेला एक तरुण युनिटेरियन लोकांच्या शिष्यवृत्तीवर या कॉलेजात दाखल होतो. विठ्ठल रामजी शिंदे. वय अठ्ठावीस. 1903पर्यंत ते तिथे होते. धर्मप्रचारकाचं रीतसर शिक्षण घेतलं, पण ख्रिस्ती न होता! तिथे कोणी तशी अपेक्षाही केली नाही. कारपेंटरांकडे बौद्ध धर्म शिकले. एक मराठा तरुण ऑक्सफर्डला जाऊन एका इंग्रजाकडून बुद्ध शिकतो, यात आपल्या इकडच्या शिक्षणाबद्दल बरंच काही आलं, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

शिंद्यांनी तिथे दोन गोष्टी पाहिल्या. एक, वर्गातली. कोणताही धर्म खरा की खोटा हे आधी न ठरवता, तो कसा वाढला, कोणत्या परिस्थितीत कोणतं रूप घेतलं, ते पाहायचं. दुसरी, वर्गाबाहेरची. युनिटेरियनांची 'डोमेस्टिक मिशन' नावाची कामं होती. मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांत जायचं, शाळा चालवायची, आजाऱ्याला भेटायचं. त्यात 'आमच्या पंथात या' हा आग्रह नसे. आपण मिशन म्हटलं की धर्मांतर एवढंच समजतो. शिंद्यांनी मिशनचा हा दुसरा अर्थ उचलला.

पण एवढ्याने भागत नाही. परत आल्यावर ते प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. हा समाज 1867चा, डॉ. आत्माराम पांडुरंग, रानडे, भांडारकर यांच्यासारख्या थोरांचा. विचार उदार, उपासना शुद्ध, आणि माणसं बहुतेक शिकलेली, वरच्या जातींतली. जातिभेद नको असं मानणारी, पण जातिभेद ज्याच्या पाठीवर बसलाय तो उपासनेला येतच नाही. ही फट शिंद्यांना दिसली.

1905 साली ते अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेले असताना जवळच्या भिंगार गावी अस्पृश्य मंडळींची रात्री सभा झाली. त्या सभेत या लोकांचं म्हणणं त्यांनी ऐकलं, आणि आपल्या पुढच्या कामाची दिशा इथे ठरली असं ते मानत. मला ही सभा फार महत्त्वाची वाटते. ऑक्सफर्डला त्यांनी हिंदू धर्म, बौद्ध धर्म ग्रंथांतून तपासला होता. भिंगारला तोच धर्म दुसऱ्या टोकाकडून ऐकला. हाही आंतरधर्मीय संवादच! फक्त त्याला तसं कोणी म्हणत नाही, कारण बोलणारे कागदोपत्री एकाच धर्माचे होते.

18 ऑक्टोबर 1906ला परळला निराश्रित साहाय्यकारी मंडळीची, म्हणजे डिप्रेस्ड क्लासेस मिशनची पहिली शाळा निघाली. सर नारायण चंदावरकर अध्यक्ष, शिंदे सरचिटणीस. त्यांची बहीण जनाबाई या कामात उतरली. पुढे पुण्यात काम वाढलं. 1917च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला, त्यामागे शिंद्यांची खटपट होती. 1918 साली मुंबईत सयाजीराव महाराजांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारण परिषद झाली. लोकमान्य टिळक तिथे जोरदार बोलले, आणि अस्पृश्यता न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर सही मात्र केली नाही. सहीचा प्रश्न पुन्हा आला बघा. ऑक्सफर्डला सही न करणाऱ्याला बाहेर ठेवत. इथे सही केली असती तर बाहेरच्याला आत घ्यावं लागलं असतं.

आता शिंद्यांच्या भक्तांना न आवडणारी गोष्ट. मिशनची सूत्रं बराच काळ अस्पृश्य नसलेल्यांच्याच हाती होती. 'आमच्या वतीने तुम्ही किती दिवस बोलणार?' हा सवाल त्या समाजातून येणारच होता आणि आला. 1919 साली साउथबरो समितीपुढे शिंद्यांची साक्ष झाली, तरुण आंबेडकरांचीही झाली, आणि अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोणी निवडायचे यावर दोघांचा मेळ बसला नाही. आंबेडकरांचं म्हणणं सरळ होतं : आमचे प्रतिनिधी आम्ही निवडू. 1923मध्ये शिंदे मिशनच्या कारभारातून बाजूला झाले. माझ्या मते या वादात आंबेडकर बरोबर होते, आणि त्याने शिंद्यांची योग्यता कमी होत नाही. सहानुभूतीने केलेलं काम आणि हक्काने मिळालेली जागा, या दोन वस्तू निराळ्या आहेत. सामाजिक न्याय हा शब्द दुसरीला लागतो.

हाच वाद पुढे ख्रिस्ती धर्मशिक्षणात कसा उगवला ते सांगतो. भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनी 'परकेपणा' घालवण्यासाठी हिंदू परंपरेशी मोठा संवाद केला. बंगालात ब्रह्मबांधव उपाध्यायांनी वेदान्ताशी केला. ख्रिस्ताला सच्चिदानंदाच्या भाषेत मांडलं. आपल्या रेव्हरंड टिळकांनी भक्तिपरंपरेशी केला. काम सुंदर होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण सेमिनरीत हे 'भारतीय धर्मविचार' म्हणून शिकवलं जाऊ लागलं तेव्हा एक गंमत झाली. गंमत कसली, अन्यायच. भारतातल्या ख्रिस्ती लोकांत मोठा भाग दलितांचा. त्यांच्या मुलांनी सेमिनरीत येऊन काय शिकायचं? तर ज्या परंपरेने आपल्या आजोबांना विहिरीवर येऊ दिलं नाही, त्याच परंपरेच्या परिभाषेत आपला देव समजून घ्यायचा!

1981 साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी हे उघड बोलून दाखवलं. तेव्हा त्यांनी 'शूद्र' हा शब्द वापरला होता, पुढे तो विचार दलित थिऑलॉजी म्हणून ओळखला गेला. मद्रासच्या गुरुकुल लुथरन कॉलेजात त्याचा स्वतंत्र विभाग निघाला, त्याचे प्रमुख निर्मलच. बायबलमधल्या अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएली माणूस देवापुढे उभा राहून आधी आपल्या भटक्या पूर्वजाची आणि गुलामीची कहाणी सांगतो, मग श्रद्धा सांगतो. निर्मलांनी तो क्रम पकडला. आधी आमचा इतिहास, मग आमचा देव.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हलका नाही. असं केलं तर संवादाचं भांडण होईल, समोरचा धर्म फक्त आरोपी म्हणून वर्गात येईल. धोका खरा आहे. यावर शिंद्यांचं 1933चं 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हे पुस्तक पाहावं. अस्पृश्यता कुठून आली हे ते जुन्या वाङ्मयातून, बौद्ध ग्रंथांतूनही, अभ्यासकाच्या थंडपणाने शोधतात. ऑक्सफर्डची शिस्त तीच, विषय भिंगारचा. आरोपपत्र आणि अभ्यास यांतला फरक त्यात दिसतो, आणि अभ्यास केला म्हणून राग कुठे बोथट झालेला नाही.

तेव्हा एखादं धर्मशिक्षण प्रागतिक आहे की नाही हे तपासायचं असेल, तर मी अभ्यासक्रमात किती धर्म आहेत ते मोजणार नाही. मी विचारीन, हिंदू धर्म शिकवताना शंकराचार्यांना किती तास, चोखामेळ्याला किती? इस्लामच्या तासाला पसमांदा मुसलमानांचं नाव निघतं का? ख्रिस्ती धर्माच्या तासाला, जातीप्रमाणे वेगळ्या ठेवलेल्या दफनभूमींबद्दल कोणी बोलतं का? आणि शिकवायला कोण उभं आहे?

शिंद्यांचं 'माझ्या आठवणी व अनुभव' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी विलायतेचा भाग तरी वाचा. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघाशीच हात वर केलाय, त्यांच्यापासून सुरू करू.