अठ्ठावीस मिलिमीटरचा माणूस

दाराबाहेर चिलखत घातलेल्या सैनिकाचा भलाथोरला पुतळा, आणि आत काचेच्या कपाटांमध्ये त्याचेच अंगठ्याएवढे हजारो भाऊबंद. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात, लेंटन भागातल्या विलो रोडवर हे ‘वॉरहॅमर वर्ल्ड’ आहे. गेम्स वर्कशॉप या कंपनीचं मुख्यालयही तिथेच. कपाटातले शिपाई टेबलावर फासे टाकून खेळायच्या युद्धखेळातले आहेत. पण खेळ राहिला बाजूला, कित्येकांचा जीव अडकतो तो या शिपायांना रंगवण्यात. एकदाही फासा न टाकता वर्षानुवर्षं नुसते रंगवत बसलेले लोक या छंदात मुबलक सापडतात.

कंपनी १९७५ साली लंडनमध्ये तीन मित्रांनी सुरू केली. सुरुवातीला ते लाकडी खेळपट बनवून विकत. १९७९ मध्ये ब्रायन अ‍ॅन्सेलबरोबर नेवार्कला सिटाडेल मिनिएचर्स ही धातूच्या बाहुल्यांची शाखा निघाली. १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला आणि १९८७ मध्ये ‘वॉरहॅमर ४०,०००’. त्यातले शिपाई आजही गिऱ्हाइकाला करड्या प्लॅस्टिकच्या चौकटीत, हातपाय सुटे, असे मिळतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे, सगळं गिऱ्हाइकानेच. पैसे देऊन घरी बिनपगारी नोकरी आणण्यासारखाच हा प्रकार. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी लंडन शेअर बाजाराच्या एफटीएसई १०० निर्देशांकात जाऊन बसली.

रंगवलेले छोटे शिपाई हा काही इंग्रजांचा शोध नव्हे. एकोणिसाव्या शतकात न्यूरेंबर्गच्या हाइनरिक्सन घराण्याने कथलाचे चपटे शिपाई ३० मिलिमीटर उंचीचे करून त्या मापाचा पायंडा पाडला. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून घरातल्या जमिनीवर लढायच्या युद्धांचे नियम घालून दिले. नॉटिंगहॅमने मात्र या छंदाचं गाव वसवलं. शिशाच्या मिश्रधातूत बाहुल्या ओतणाऱ्या कंपन्या इथे इतक्या झाल्या की या टापूला ‘लेड बेल्ट’, म्हणजे शिशाचा पट्टा, असंच नाव पडलं. आता शिसं गेलं, बराचसा माल प्लॅस्टिकचा झाला, नाव तेवढं उरलं.

याच पट्ट्यातले मायकेल आणि अ‍ॅलन पेरी हे जुळे भाऊ या धंद्यातले नावाजलेले मूर्तिकार. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये क्रेसीची मध्ययुगीन लढाई पुन्हा लढून दाखवण्याच्या प्रयोगात तोफेच्या अपघातात मायकेलने उजवा हात गमावला. सगळं कोरीवकाम त्याच हाताने व्हायचं. त्याने डाव्या हाताने कोरायला शिकून घेतलं आणि काम पुढे चालू ठेवलं. तेव्हाचे साचे हाताने घडवलेल्या मूळ मूर्तीवरून निघत. निळी आणि पिवळी अशी दोन रंगांची पुट्टी एकत्र मळली की हिरवी होते. तिलाच ‘ग्रीन स्टफ’ म्हणतात. ती कडक व्हायच्या आत सुईसारख्या हत्यारांनी नाक, बोटं, पट्ट्याची बक्कल काढायची. आता हे काम बरंचसं संगणकाच्या पडद्यावर गेलं आहे.

हे शिपाई २८ मिलिमीटरचे. हे माप तळपायापासून डोळ्यांपर्यंत धरतात, टोपापर्यंत नाही. हिशोब केला तर खऱ्या माणसाच्या साधारण साठावा भाग. म्हणजे हातभर अंतरावर धरलेला शिपाई हा पस्तीसेक मीटरवर उभ्या असलेल्या माणसाएवढा दिसतो. तेवढ्या लांबून माणसाच्या सदऱ्याच्या चुण्या आपल्याला कुठे दिसतात? बाहुल्यावरही सावली पडते, पण ती अर्ध्या मिलिमीटरची असते, डोळा ती पकडत नाही. एकाच लाल रंगात रंगवलेला झगा म्हणून लाल प्लॅस्टिकचा तुकडाच वाटतो. तेव्हा सावली आणि उजेड रंगाऱ्यानेच रंगवून ठेवायचे. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला नटाचा चेहरा कळावा म्हणून मेकअपवाला गालाची हाडं आणि भुवया उठावदार करतो, तसलंच हे काम. या छंदातल्या बहुतेक सगळ्या युक्त्या याच एका गरजेतून निघाल्या आहेत.

तो लाल झगाच घेऊ. आधी प्रायमरचा फवारा. हुशार लोक सगळीकडून काळा मारतात आणि मग फक्त वरून पांढरा. डोक्यावर सूर्य असता तर ऊन कुठे पडलं असतं याचा नकाशा आयताच मिळतो. (हे पावसाळी हवेत करू नये. दमटपणात फवारा पांढरट, खरखरीत बसतो, आणि जूनमध्ये मुंबईत बसून हा छंद करणाऱ्याला दुसरा शत्रू लागत नाही.) त्यावर लाल रंगाचे पातळ हात, एकाऐवजी दोन. डंकन र्‍होड्स या शिक्षकाने गेम्स वर्कशॉपच्या व्हिडिओंमधून ‘दोन पातळ हात’ हे इतक्यांदा सांगितलं की पुढे त्याच्या स्वतःच्या रंगांच्या बाटल्यांवरही तेच नाव आलं. जाड एक हात दिला की मूर्तिकाराने महिनाभर खपून कोरलेली चुणी बुजते.

मग वॉश, म्हणजे पाण्यासारखा गडद रंग. तो आपोआप खाचांत उतरतो आणि सावली करून ठेवतो. नवशिक्याला इथे पहिला आनंद होतो आणि पुष्कळ जण इथेच थांबतात. पुढे जाणारा मात्र चुणीच्या माथ्यावर पुन्हा उजेड चढवतो. लाल उजळायला त्यात पांढरा घातला की झगा गुलाबी होतो, म्हणून नारिंगी घालायचा. गडद करायला काळा घातला की मळकट होतो, म्हणून जांभळट तपकिरी. मधल्या पायऱ्या दिसू नयेत म्हणून ग्लेझ, अगदी दुधाच्या पाण्याइतका पातळ रंग. ब्रश जिथे उचलला जातो तिथे रंगाचे कण साठतात, म्हणून तो नेहमी सावलीकडून उजेडाकडे किंवा उजेडाकडून सावलीकडे ठरवून ओढायचा. हे एवढं वाक्य कळायला कित्येकांना दोन वर्षं लागतात.

डोळे हा खास प्रांत. पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांची आखणी सरावलेल्या हाताकडेच देतात. इथे तो हात आपलाच, आणि डोळा खसखशीच्या दाण्याहून मोठा नसतो. दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवायची, शिपाई औषधाच्या रिकाम्या बाटलीवर चिकटवून धरायचा, श्वास सोडून थांबायचं. बुबुळाचा ठिपका काढायला गेलं तर एक डोळा पुण्याला आणि दुसरा सोलापूरला बघतो. म्हणून ठिपक्याऐवजी पांढऱ्यावरून उभी बारीक रेघ ओढायची आणि वरच्या-खालच्या पापण्या नंतर त्वचेच्या रंगाने सावरायच्या.

याच्याही पुढची पायरी म्हणजे धातूचा रंग न वापरता धातू रंगवणं. तलवारीला चांदी न फासता नुसत्या करड्या, काळ्या आणि पांढऱ्या रंगांनी ती पोलादाची भासवायची. रॅकहॅम या फ्रेंच कंपनीच्या शिपायांमुळे ही पद्धत युरोपभर गाजली. तिचं गमक शिकायला घरातला स्टीलचा तांब्या पुरेसा आहे. उजेडात धरून बघा, सर्वांत पांढरा पट्टा सर्वांत काळ्या पट्ट्याला अगदी खेटून असतो, मधली पायरी जवळजवळ नसतेच. नवशिका सगळं हळूहळू करडं करत जातो आणि तलवार सिमेंटची दिसते.

या कसबाला १९८७ पासून ‘गोल्डन डेमन’ ही स्पर्धा आहे. जिंकणाऱ्याला छोट्या राक्षसाची मूर्ती मिळते, आणि सगळ्या गटांतल्या सर्वोत्तम कामाला ‘स्लेयर स्वोर्ड’, खरीखुरी लांबलचक तलवार. अंगठ्याएवढ्या शिपायाबद्दल एवढी तलवार देणाऱ्या परीक्षकांना विनोदबुद्धी आहे, असं म्हणायला हरकत नाही.

२०१९ मध्ये गेम्स वर्कशॉपने ‘कॉन्ट्रास्ट’ रंग आणले. एकाच हातात माथ्यावर फिका आणि खाचेत गडद बसणारे. जुन्या जाणत्यांनी नाकं मुरडली. पण ज्याच्या कपाटात साठ करडे शिपाई तीन वर्षं पडून आहेत, त्याला या बाटलीने पहिल्यांदा अख्खं सैन्य टेबलावर आणू दिलं. तेवढ्यासाठी तरी तिला नावं ठेवू नयेत.

राहिला ब्रश. सर्वांत नावाजलेला म्हणजे विन्सर अँड न्यूटनचा ‘सीरीज ७’. १८६६ मध्ये व्हिक्टोरिया राणीसाठी बनवला, आणि तिचा आवडता आकार सात नंबरचा म्हणून हे नाव. त्याला कोलिन्स्की नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या सायबेरियन प्राण्याच्या शेपटीचे केस लागतात. आपल्याकडे चांगल्या ब्रशच्या नावाखाली वर्षानुवर्षं खऱ्या मुंगसाचेच केस विकले गेले. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्याच्या केसांचा धंदा हा गुन्हा आहे, आणि २०१९ मध्ये ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावाने देशात ठिकठिकाणी त्यावर छापे पडले. तेव्हा ब्रश घेताना केस कशाचे हे दुकानदाराला विचारा. सरळ उत्तर आलं नाही तर सिंथेटिक घ्या. पहिले शंभर शिपाई त्यावर सहज रंगून होतात.