घरात एक नर गिनी पिग आहे, दुसरा आणताय? आधी दुसरा पिंजरा घ्या

चिपळूण तालुक्यातल्या अलोऱ्याला माझ्या मावशीकडे अलीकडेच दुसरा गिनी पिग आला. पहिला दिवसभर कोपऱ्यात बसून राहायचा, म्हणून त्याला सोबत. दोघेही नर. समोरासमोर सोडल्यावर पाच मिनिटांत थोरला घुरघुरत धाकट्याच्या मागे लागला, त्याच्या अंगावर चढला. आजीने लगेच फर्मान काढलं, "तो दुसरा उंदीर परत देऊन या!"

परत द्यायची गरज नव्हती. आजीला भांडण वाटलं ती खरं तर ओळखपरेड होती.

गिनी पिग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, कळपात राहणारा प्राणी. एकट्याने तो जगतो, पण रमत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर 2008च्या प्राणी संरक्षण नियमांनुसार त्याला एकटं ठेवता येत नाही, जोडीदार लागतोच. नर-मादी ठेवली तर साधारण दोन महिन्यांत पिल्लं, त्यामुळे अनेक जण दोन नर ठेवतात. ते छान राहू शकतात. मोठा नर आणि लहान पिल्लू ही जोडी सहसा लवकर जमते. आसपास मादी मात्र नको. आणताना नर-मादीची खात्री डॉक्टरांकडून करून घ्या, दुकानात हमखास गफलत होते.

भेट कशी घालायची?

आल्या आल्या नाही. नव्याला दोन ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. खरूज, बुरशी, सर्दी असेल तर तेवढ्यात कळते. कोकणातल्या पावसाळ्यात गवतालाही बुरी येते, तेव्हा दमट वास येणारं गवत टाकून द्या.

पहिली भेट जुन्याच्या पिंजऱ्यात कधीच नको, ते त्याचं घर आहे. हॉलमध्ये स्वच्छ चादर अंथरा, मधोमध गवताचा ढीग ठेवा आणि दोघांना सोडून बाजूला बसा. हुंगणं, घुरघुरत कंबर डोलवणं, पाठलाग, अंगावर चढणं हे सगळं चालतं. मोठा कोण, हे त्यांना ठरवायचं असतं. प्रत्येक वेळी उचलून वेगळं केलंत तर ते ठरतच नाही आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून.

दात कटकट वाजू लागले, मानेवरचे केस उभे राहिले की सावध व्हा. एकमेकांना चावून गुंडाळी झाली किंवा रक्त दिसलं, तर भेट तिथेच संपवा. मध्ये जाड टॉवेल किंवा सुपली घाला, उघडा हात नको. ते दात खोल लागतात.

काही तास शांततेत गेले, की दोघांना धुऊन पुसलेल्या पिंजऱ्यात हलवा. पाच फूट बाय दोन फूट जागा तरी हवी. पाण्याच्या बाटल्या दोन, वाट्या दोन, लपायची घरंही दोन, आणि प्रत्येक घराला दोन दारं. एकच दार असलं की दुबळा आत कोंडला जातो.

खाण्यातही काटकसर नको. गिनी पिगचं शरीर माणसासारखंच क जीवनसत्त्व बनवू शकत नाही, ते रोज खाण्यातून द्यावं लागतं. ढोबळी मिरची उत्तम. पेरूची फोडही चालते, पण गोड असल्याने अधूनमधूनच. (पेरू देशातल्या प्राण्याला पेरू, हा विनोद मावशीकडे रोज होतो.)

आणि नाहीच जमलं तर? म्हणूनच दुसरा पिंजरा आधी घ्यायचा. इंजिनीअरिंगच्या भाषेत बॅकअप. रक्त निघेपर्यंत भांडलेले नर पुन्हा एकत्र येणं अवघड असतं. मग पिंजरे शेजारी ठेवायचे. जाळीतून वास आणि आवाज मिळाला तरी सोबत होते. घरात चार माणसं असतील तर दोन पिंजऱ्यांची सफाई कोण करणार, हेही आणण्याआधीच ठरवा. पाच ते आठ वर्षांचा प्रश्न आहे.

मावशीकडचे दोघे सध्या एकाच पिंजऱ्यात आहेत. दुसरा पिंजरा मात्र माळ्यावर गेलेला नाही, दाराआड उभा आहे. धाकटा आत्ता कुठे तीन महिन्यांचा झालाय, आणि नरांची दादागिरी सुरू होते ती याच वयात.