लिहिणाऱ्यांना एकटे पाडू नका!

मागच्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावाहून एक तरुणी वडिलांना घेऊन माझ्या ऑफिसात आली. वस्तीच्या स्मशानभूमीचा रस्ता अडवला म्हणून तिने फेसबुकवर लेख लिहिला होता. दोनच रात्रींत त्याखाली जातीवाचक शिव्यांचा खच पडला. तिचा चेहरा भलत्याच देहाला चिकटवलेला फोटो गावभर फिरला, फोन नंबर वाटला गेला. घाबरून तिने लेख, शिव्या, खाते सगळेच पुसून टाकले. वडील म्हणाले, "वकीलसाहेब, केस राहू द्या. हिला फक्त लिहिणं बंद करायला सांगा."

शिव्या देणाऱ्यांना नेमके हेच हवे होते!

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. आज छापण्यासाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही, मोबाईल पुरतो. म्हणून प्रस्थापितांनी रीत बदलली. लिहू द्यायचे, पण लिहिल्यानंतर जगणे नकोसे करायचे. २०१२ साली हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील बीफ महोत्सवाची बाजू घेतली म्हणून कवयित्री मीना कंदसामी यांना ट्विटरवर सामूहिक बलात्काराच्या आणि ऍसिडच्या धमक्या आल्या. २०१८ मध्ये पत्रकार राणा अय्यूब यांचा चेहरा लावून बनावट अश्लील चित्रफीत पसरवली गेली. मुद्द्याला उत्तर नसले की बाईच्या देहावर आणि माणसाच्या जातीवर घसरायचे, ही जुनीच मनुवादी खोड आहे.

मग कायदा काय करतो? अनेक कार्यकर्ते अजूनही '६६-अ लावा' म्हणतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले आणि ते योग्यच झाले. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना एका साध्या फेसबुक मजकुरासाठी अटक झाली होती, हे विसरू नये. मोघम कायदा शेवटी दुबळ्याच्याच मानेवर बसतो. म्हणून नवा कायदा मागण्याआधी हातात आहे तो वापरायला शिकू या.

आपल्या हातात ऍट्रॉसिटी कायदा आहे. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतरच्या कलम ३(१)(आर) व ३(१)(एस) नुसार लोकांना दिसेल अशा ठिकाणी अपमान करणे वा जातीवरून शिवी देणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. इंटरनेट हे असे ठिकाण आहे काय? केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये यूट्यूबवरील चित्रफितीच्या प्रकरणात 'होय' असे उत्तर दिले. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हेही स्पष्ट केले की, अपमान जातीमुळे झाला असला पाहिजे. फिर्यादी अनुसूचित जातीचा आहे एवढे पुरत नाही. तेव्हा फिर्यादीत शिवी शब्दशः लिहा, लाजू नका. 'आम्ही बौद्ध, आम्हाला हा कायदा लागतो का?' असेही विचारले जाते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश झालेला आहे; जातीचा दाखला तेवढा तयार ठेवा.

खासगी संदेशातून आलेली शिवी 'लोकांसमोर' ठरवणे कठीण जाते. पण धमकीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१ आहे, आणि नाव लपवून धमकी दिली तर शिक्षा वाढते. बाईचा ऑनलाइन पाठलाग कलम ७८ मध्ये येतो, अश्लील बनावट फोटो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ मध्ये. महाराष्ट्राचा २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदा मात्र हिंसाचार व मालमत्तेच्या हानीपुरता आहे, आणि तोही ज्यांचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे त्यांच्यासाठी. नोकरी सांभाळून लिहिणारा शिक्षक, घर सांभाळून लिहिणारी भगिनी त्यात बसत नाही. ही उणीव सरकारने दूर केलीच पाहिजे.

पण कायदा पुराव्यावर चालतो. त्या मुलीने घाबरून पुसले, तिथेच तिची केस अर्धी मेली. आधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात तारीख, वेळ, खात्याचे नाव दिसले पाहिजे. पूर्ण लिंक लिहून ठेवा. मूळ संदेश फोनमध्ये राहू द्या, फोन विकू नका. मग कंपनीकडे तक्रार करा. तक्रारीवरून काढलेला मजकूर कंपनीने १८० दिवस जपावा असे २०२१ चे नियम सांगतात. आणि प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात टिकत नाही, हे जालन्याच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठामपणे सांगितले आहे. वकिलाला ते पहिल्याच दिवशी विचारा.

पोलीस म्हणतात, खोट्या नावाचा माणूस कसा सापडणार? मुस्लिम स्त्रियांचा 'लिलाव' मांडणाऱ्या 'बुल्ली बाई' ऍपच्या प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने काही दिवसांतच परराज्यांतून आरोपी पकडून आणले. इच्छा असली की माणूस सापडतो!

आता एक कडू गोष्ट. आपल्याच गटातटांतले काही कार्यकर्ते नेत्यावर टीका करणाऱ्या आपल्याच लेखिकेला कोणत्या भाषेत बोलतात, हे मी वाचले आहे. 'जयभीम' लिहून खाली आईबहिणीवरून शिवी देणारा माणूस चळवळीचा नाही. अष्टांगिक मार्ग सम्यक वाणी शिकवतो. ती विहारातून बाहेर पडल्यावर संपत नाही.

निघताना ती मुलगी म्हणाली, "सर, मी लिहीन. पण पुढच्या वेळी रात्री दोन वाजता धमकी आली, तर कोणाला उठवू?"

मी तिला माझा नंबर दिला. पण एका वकिलाच्या नंबरने हा प्रश्न सुटत नाही. प्रत्येक तालुक्यातल्या विहाराने एक वकील, एक मोबाईलचा जाणकार आणि पोलीस ठाण्यात सोबत बसणारी एक महिला अशी तीन नावे ठरवून फलकावर लावावीत. येत्या रविवारच्या वंदनेनंतर हे काम करता येईल. खर्च काहीच नाही.