शेततळें व विहीर : बुडणाऱ्याची ओळख आणि बचाव

पाण्यावांचून शेती नाहीं, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. परंतु ज्या पाण्यासाठीं आपण कर्ज काढतों, त्याच पाण्याच्या कांठीं आपलीं मुलें खेळतात, याचा विचार मात्र क्वचितच होतो. महाराष्ट्र सरकारनें सन २०१६ मध्यें 'मागेल त्याला शेततळें' ही योजना सुरू केली. पुष्कळ गांवीं शेततळीं झालीं व त्यांच्या आधारावर फळबागा तगल्या, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि शेततळ्यांत बुडून एकाच घरचीं दोन-दोन, तीन-तीन माणसें गेल्याच्या वार्ताहि वृत्तपत्रांत वारंवार येतात. सबब या विषयाची कांहीं माहिती वाचकांपुढें ठेवीत आहों.

बुडणारा ओरडत नाहीं

बुडणारा माणूस हात हालवून मोठ्यानें आक्रोश करील, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति बहुधा याच्या उलट असते. न्यूयॉर्क येथील समुद्रकिनारीं जीवरक्षकाचें काम केलेले फ्रान्सेस्को पिया यांनीं बुडणाऱ्यांचें बारकाईनें निरीक्षण करून त्याचीं लक्षणें मांडलीं आहेत. बुडणाऱ्याचें तोंड पाण्याखालीं जातें व क्षणभर वर येतें. तेवढ्या अवधींत श्वास सोडून पुन्हां घेणें एवढेंच कसेंबसें साधतें. हांक मारण्यास श्वास उरत नाहीं. हात वर करून खुणावणेंहि त्यास शक्य नसतें, कारण ते दोन्ही बाजूंस पसरून तो पाणी खालीं दाबीत असतो. शरीर पाण्यांत उभें असतें, मान मागें कलते, डोळ्यांवर केस येतात तरी ते सारले जात नाहींत, आणि दृष्टि शून्य होते. ही धडपड बहुधा २० ते ६० सेकंदच टिकते. म्हणून पाण्यांत दंगा करणारीं मुलें एकाएकीं गप्प झालीं, तर तीच धोक्याची खूण समजावी. हांक मारावी, उत्तर न आल्यास क्षणाचाहि विलंब करूं नये.

शेततळें विशेष घातक कां?

नदीचा कांठ पुष्कळदां उतरता असतो व विहिरीस पायऱ्या तरी असतात. शेततळें ३ मीटरपर्यंत खोल असतें, त्याच्या बाजू तिरप्या असतात व त्यांवर प्लॅस्टिकचें अस्तर पसरलेलें असतें. हा कागद ओला झाला व त्यावर शेवाळ धरलें, म्हणजे त्यावर पाय ठरत नाहीं आणि हातांस धरावयास कांहींच मिळत नाहीं. यामुळें चांगला पोहणाराहि कांठाशीं येऊन घसरतो, व दमून शेवटीं तळाशीं जातो. एकास काढावयास दुसरा उतरतो, त्याची गत तीच होते. एकाच घरांतून अनेक प्रेतें निघतात, त्याचें कारण बहुतेक वेळां हेंच होय.

बचाव कसा करावा?

पहिला नियम हा कीं, पाण्यांत उडी घालूं नये. बुडणारा हातीं लागेल त्यास घट्ट मिठी मारतो व दोघेहि जातात. आरडाओरड करून माणसें जमवावीं. कांठावर पालथें पडून बांबू, काठी किंवा गांठी मारलेलें लुगडें पुढें करावें. अंतर अधिक असल्यास सोल अगर कासरा फेंकावा, किंवा झांकण लावलेला रिकामा डबा दोरास बांधून टाकावा. पाण्यांत विजेचा पंप असेल, तर आधीं वीज बंद करावी.

बाहेर काढलेल्या माणसास उलटें टांगणें, गरगर फिरविणें किंवा पोट दाबून पाणी काढणें हे प्रकार सर्वथा सोडून द्यावे. त्यांत मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसेल तर त्यास उताणें निजवून हनुवटी उचलावी, नाक मिटून तोंडावाटे २ ते ५ श्वास द्यावे. नंतर छातीच्या मध्यभागीं तळहातांनीं ३० वेळां जोरानें दाबावें व पुन्हां २ श्वास द्यावे. मोठ्या माणसाची छाती सुमारे ५ सेंटिमीटर दबली पाहिजे व दाबण्याची गति मिनिटास १०० ते १२० असावी. हा क्रम मदत येईपर्यंत सोडूं नये. दुसऱ्यानें तत्काळ १०८ क्रमांकास दूरध्वनि करावा. माणूस सावध झाला तरी त्यास दवाखान्यांत नेलेंच पाहिजे, कारण फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास कांहीं तासांनींहि उद्भवतो.

आधींची तजवीज

शेततळ्यास चोहों बाजूंनीं तारेचें कुंपण व कुलूपबंद फाटक असावें. चारहि बाजूंस जाड दोर खुंट्यांस पक्के बांधून पाण्यांत सोडावे व त्यांस हातभर अंतरानें गांठी माराव्या. गाडीची हवा भरलेली जुनी ट्यूब दोरासह कांठीं टांगून ठेवावी. विहिरीस कठडा बांधावा. पाटाच्या वाहत्या पाण्यांत जनावरें धुण्यास मुलांस एकटें धाडूं नये. मुलांस, मुलींसहि, जाणत्याच्या देखरेखीखालीं पोहणें शिकवावें. परंतु पोहतां येतें म्हणून शेततळ्यांत उतरूं देऊं नये.

जगांत सन २०२१ मध्यें सुमारे ३ लक्ष माणसें बुडून मेलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत लहान मुलांचा भरणा मोठा आहे. अस्तराच्या खर्चापुढें दोर, खुंट्या व ट्यूब यांचा खर्च अगदींच अल्प होय. तेव्हां ज्यांच्या शेतांत तळें आहे, त्यांनीं पुढील पाळी भरण्याआधीं हे चार दोर बांधावे, एवढीच विनंति आहे.