मशीन घरात येतेय, पण पाण्याचं काय?

घरात वॉशिंग मशीन घ्यायची ठरली की पुढचं सगळं काम तुमच्याच गळ्यात पडतं. रिव्ह्यू तुम्ही बघता, ईएमआयचा हिशेब तुम्ही लावता, सेल कधी लागणार हेही तुम्हालाच माहीत असतं. आई-पप्पा फक्त एवढंच विचारतात, "चांगली आहे ना?" तर मग किलो, आरपीएम आणि वायफाय बघण्याआधी घरातल्यांना एक प्रश्न विचारा. आपल्याकडे नळ कधी येतो आणि किती वेळ चालतो?

लातूर-नांदेडमध्ये हा प्रश्न आधी विचारावाच लागतो. २०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या घरात होती. म्हणजे त्या गाडीतून माणशी दीड लिटरही पाणी आलं नाही. आता हेच पाणी मशीनच्या भाषेत मोजा. फ्रंट लोड मशीनला एका धुण्याला साधारण ५० लिटर लागतं. टॉप लोड फुली ऑटोमॅटिक बऱ्याचदा शंभरच्या पुढे जाते.

बादलीने चालते ती कुठली?

फुली ऑटोमॅटिक मशीन पाणी स्वतः ओढून घेते, पण त्यासाठी नळाला पाणी आणि पाण्याला दाब हवा. बऱ्याच फ्रंट लोड मशीनना किमान ०.३ बार दाब लागतो. साध्या भाषेत सांगायचं तर टाकी मशीनच्या नळापेक्षा सुमारे १० फूट वर हवी. मशीन वरच्याच मजल्यावर असेल आणि टाकी लगेच डोक्यावरच्या गच्चीवर, तर दाब कमी पडतो. मग मशीन वाट बघत बसते आणि शेवटी एरर दाखवते. अशा घरात टाकीचा स्टँड उंच करावा लागतो किंवा छोटा प्रेशर पंप बसवावा लागतो. कमी दाबावर चालणाऱ्या टॉप लोड मशीनही मिळतात, दुकानात तसं स्पष्ट विचारा.

टाकीच नसेल, सगळा कारभार टिपाडावर असेल, तर सेमी ऑटोमॅटिकला नाक मुरडू नका. तिच्यात बादलीने पाणी ओतता येतं आणि एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत कपडे काढता येतात.

दुसरा मुद्दा बोअरचा. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते जड पाणी. त्यातले क्षार मशीनच्या हीटरवर थर धरतात आणि कपडे कडक होतात. पाणी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. आकडा त्याच्या खूप पुढे असेल तर डिस्केलिंग पावडरचा खर्च बजेटमध्ये आधीच धरा.

ड्रायर म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे सेमी ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या टबला सर्रास 'ड्रायर' म्हणतात. तो कपडे फक्त पिळतो. गरम हवेने कपडे पूर्ण वाळवणारा ड्रायर वेगळा असतो. साध्या हीटरवर चालणारा ड्रायर दोन हजार वॅटच्या आसपास वीज खातो. मे महिन्यात आपल्या गच्चीवर जीन्स दुपारपर्यंत खडखडीत वाळते, तेव्हा पावसाळ्याच्या थोड्या दिवसांसाठी एवढा खर्च करायचा का, याचा विचार करा. बाल्कनी नसलेल्या फ्लॅटचं गणित मात्र वेगळं असू शकतं.

बसवायच्या दिवशी

मशीनसाठी १६ अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग आधीच करून ठेवा, एक्स्टेंशन बोर्डवर मशीन चालवू नका. फ्रंट लोडच्या मागे वाहतुकीसाठी लावलेले बोल्ट असतात. ते काढल्याशिवाय मशीन सुरू केली तर ती घरभर नाचते. काढलेले बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना लागतात. चारही पाय जमिनीला टेकलेत का, हे कोपरे दाबून बघा. फ्रंट लोडचा सांडपाण्याचा पाइप जमिनीवर सोडला तर पाणी भरता भरताच निघून जातं. तो साधारण दोन ते तीन फूट उंच लागतो. एवढीच उंची टिपाडाची असते, म्हणून शेवटच्या खळखळीचं पाणी त्यात धरता येतं. पाइपचं टोक पाण्यात बुडू देऊ नका. हे पाणी फरशी पुसायला आणि संडासात टाकायला चालतं.

आणि पाणी भरणार कोण?

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या महिलांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात. पुरुषांची फक्त ९७, तीही जे घरकाम करतात त्यांची. मशीन आली की कपडे घासण्याचे कष्ट वाचतात. पण नळ पहाटे चारला आला तर उठून मोटार लावणं, टाकी भरणं, मशीनपर्यंत बादल्या नेणं हे सगळं बहुतेक घरांत आईच्याच वाट्याला राहतं. वर "आता मशीन आहे ना" म्हणून आपण एकदाच घातलेला टी-शर्टही धुण्यात टाकतो. तिचं काम तेवढंच राहतं आणि पाणी मात्र जास्त जातं.

म्हणून मशीन निवडायची जबाबदारी घेतलीच आहे, तर आणखी दोन घ्या. मशीन भरेल एवढे कपडे जमल्याशिवाय ती लावायची नाही. आणि नळाच्या दिवशीचा अलार्म तुमच्या मोबाइलवर लावा, आईच्या नाही.